वर्कशॉपसाठी मोठा पंखा : एकच 20 फुटी घ्यावा की भिंतीवर दहा मॅनकूलर?

लेथवाला_कुपवाड
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

कुपवाड एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. शेड 90 बाय 50, वर साधा पत्रा, कडेला उंची 22 फूट. चार लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), दोन रेडियल ड्रिल, आणि एका बाजूला फॅब्रिकेशन, तिथं वेल्डिंगची दोन मिग मशीन. पोरंटोरं धरून सोळा माणसं. मार्च अर्धा झाला की दुपारी बारा ते चार काम निम्म्यावर येतं, कुणाचं डोकं धरतं, कुणी पाणी प्यायला गेला की अर्धा तास उगवत नाही, आणि मी काही बोलू शकत नाही कारण माझ्या केबिनला एसी आहे आणि ते सगळ्यांना दिसतंय.

सध्या अर्ध्या एचपीचे आठ मॅनकूलर, म्हणजे एका दिशेला जोरात झोत मारणारे पंखे, आहेत, त्यातले दोन कायम रिवाइंडिंगला. आवाज एवढा की शेजारच्याला हाक मारायची तर स्पॅनर आपटावा लागतो. मागच्या आठवड्यात एक सेल्सवाला येऊन गेला, 20 फुटी पंखा, एचव्हीएलएस म्हणतात त्याला, म्हणजे हवा जास्त आणि वेग कमी, पावणेदोन लाख अधिक जीएसटी अधिक बसवणावळ. म्हणतो एका पंख्यात अख्खी शेड गार. बाबा म्हणतात तेवढ्यात दहा नवे मॅनकूलर येतील, गप्प बस.

कुणी लावलाय का? किती फुटी घ्यावा?

खुर्चीतला_मावळा
20 फुटी? दादा, शेड उडून मिरजेत जाईल.

लेथवाला_कुपवाड
जाऊ दे की, मिरजेत गाळ्याला भाडं जास्त मिळतंय.

अर्धवट_इंजिनिअर
आधी एक गोष्ट. "शेड गार होईल" हे साफ खोटं. पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम लवकर वाळवतो म्हणून आपल्याला गार वाटतं. रिकाम्या शेडमध्ये पंखा दिवसभर फिरवून थर्मामीटर बघा, काटा हलणार नाही, उलट मोटरच्या उष्णतेनं जरासा चढेलच. माणसाला मात्र फरक कळतो, दोन-चार अंश कमी असल्यासारखं वाटतं, आणि तेवढं पुष्कळ असतं.

आता मोठाच का? घरातला पंखा 4 फुटी, हा 20 फुटी. व्यास पाचपट म्हणजे फिरण्याचं क्षेत्रफळ पंचवीसपट. एवढा मोठा गोल असला की जोरात फिरायची गरजच नाही, सावकाश फिरून हवेचा अख्खा खांब खाली ढकलतो, तो जमिनीवर आपटून चहूबाजूंनी पसरतो, भिंतीला लागून वर जातो आणि पुन्हा पंख्याकडे येतो. मॅनकूलरचं उलटं, समोर दहा फुटांवर वादळ आणि बाजूला चार पावलांवर काहीच नाही.

विजेचं बघा. तुमचे आठ मॅनकूलर म्हणजे जवळजवळ 3 किलोवॅट. एवढ्या मोठ्या पंख्याला एक-दीड किलोवॅटची मोटर पुरते. शिवाय तो व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या पॅनलवर, चालतो, आणि पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते पण वीज आठव्या हिश्श्यावर येते. वेगाच्या घनाचा हिशोब आहे तो. 70 टक्के वेगाला साधारण एक तृतीयांश वीज.

वऱ्हाडी_ठेचा
वरचे भाऊ बरोबर सांगून रायले पण त्यात एक मेख आहे. मी हिंगण्याले आहो, नागपूर. मे महिन्यात बाहेर 45. आता आपल्या कातडीचं तापमान असते 35 च्या आसपास. हवा त्याच्याहून गरम झाली की पंखा अंगावर भट्टीच फेकते. घाम वाळते म्हणून थोडं बरं वाटते, पण पाणी नाही पेलं तर माणूस आडवा होते, काहून की घाम आला तसा उडून जाते आणि किती गेला ते समजतच नाही. आमच्याकडं नुसत्या पंख्यावर भागत नाही, वुडवूलचा डक्ट कूलर पाह्यजेच. हवा कोरडी आहे म्हणून तो मस्त चालते.

कोकणी_दमट
आणि आमच्याकडे नेमकं उलट. चिपळूणजवळ खेर्डीला आहोत. कूलर लावला की अंगावर गोधडी ओली करून टाकल्यासारखं होतं, पत्र्याला गंज तो वेगळा. पण पारा 34-35 च्या वर फारसा जात नाही, त्यामुळे नुसती हवा हलली तरी जीव थंड. सांगली मधे कुठेतरी, एप्रिल-मे कोरडा, मग वळवाच्या सरी. तुम्हाला पंखा उपयोगी पडायला हरकत नाही.

इचलकरंजीचा_धोटा
माझा प्रश्न वेगळाच आहे, धागा पळवत नाही, फक्त विचारतो. पॉवरलूमच्या शेडला हा चालेल का? आमची अडचण अशी की कॉटनच्या सुताला ओल लागते, हवा कोरडी झाली की सूत तुटायला लागतं आणि कामगार माग बंद करून गाठी मारत बसतो. म्हणून आम्ही खिडक्या बंद ठेवतो, ह्युमिडिफायर चालवतो, पंखा लावत नाही. माणसं मात्र उकडून निघतात. शिवाय तंतू उडतो, तो पात्यावर साचणार.

अर्धवट_इंजिनिअर
@धोटा, पंखा स्वतः ओल कमी करत नाही, आतली हवा आतच फिरवतो. सूत तुटतं ते बाहेरची कोरडी हवा आत खेचली की, म्हणजे एक्झॉस्टनं. पण चालू मागावर थेट झोत आला तर ताण्यावर तंतू बसेल, तो त्रास खरा आहे. मी असतो तर आधी एका कोपऱ्यावर बघितलं असतं.

सायबर_सुतार
अवांतर : फर्निचरवाल्यांनी फॅक्टरीत हा लावायच्या आधी डस्ट कलेक्टर घ्यावा. आम्ही उलट्या क्रमानं केलं. जमिनीवर निवांत पडलेला एमडीएफचा भुसा पहिल्याच दिवशी उठून पॉलिशच्या दरवाज्यांवर जाऊन बसला. पार्टीनं विचारलं, हे टेक्स्चर वेगळं दिसतंय, ज्यादा पैसे आहेत का.

खुर्चीतला_मावळा
मग लावलेत की नाही ज्यादा?

सायबर_सुतार
😂 घासून परत पॉलिश केलं स्वतःच्या खर्चानं.

गोठ्यातली_ताई
मंडळी, वर्कशॉपचं मला फारसं कळत नाही, पण हा पंखा मूळचा आमचा आहे बरं का! 1990 च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत कॅलिफोर्नियात दुभत्या गायींच्या गोठ्यांसाठी असले पंखे बनायला लागले, कारखान्यात नंतर गेले. बारामतीकडे आमचा 40 एचएफ (होल्स्टिन) गायींचा मुक्त गोठा आहे, तिथे 16 फुटी आहे तीन वर्षांपासून. एचएफ गाईला 25-26 अंशांच्या पुढेच त्रास सुरू होतो, चारा कमी खाते, धापा टाकते, दूध उतरतं. तिला आपल्यासारखा घामही येत नाही, म्हणून आम्ही फॉगरनं अंग भिजवतो, मग पंखा, परत फॉगर. नुसत्या पंख्यानं गायीचं भागलं नाही, पाणी जोडल्यावर फरक पडला.

एक सांगते, गाई स्वतःच पंख्याखाली येऊन गोल करून बसतात. कुठपर्यंत वारं येतंय ते त्या बसतात तिथपर्यंत, मोजायला वेगळं यंत्र लागत नाही.

लेथवाला_कुपवाड
ताई, आमची पोरंही तशीच बसतील, आणि उठणार नाहीत.

पोरोसिटी_पीडित
लेथवाले दादा, फॅब्रिकेशनमध्ये दोन मिग आहेत म्हणालात म्हणून लिहितो. सीओटूचा गॅस नोझलमधून हळू येत असतो, वारा सेकंदाला दोन मीटरच्या आसपास गेला की वेल्डवरचं गॅसचं पांघरूण उडतं आणि आत पिनहोल. वरून छान दिसतं, ग्राइंडिंग केलं की चाळणी. रॉडच्या वेल्डिंगला एवढं भय नाही, फ्लक्सचं कवच असतं. म्हणजे मिगच्या जागेवर कसलाही थेट झोत नको, मोठा पंखाही नको आणि मॅनकूलर तर अजिबात नको.

लेथवाला_कुपवाड
एक मिनिट. मॅनकूलर तर वेल्डरच्या पाठीमागंच आहे आमचा. मागच्या मे महिन्यात एका ऑर्डरचे बारा ब्रॅकेट परत आले होते, ब्लोहोल म्हणून. आम्ही वायर बदलली, गॅस सिलिंडर बदलला, शेवटी वेल्डर बदलला.

पोरोसिटी_पीडित
वेल्डर परत बोलवा.

खुर्चीतला_मावळा
धागा सार्थकी लागला. 🙏

कामगारांचा_वकील
जरा गंभीर. उकाडा हा मालकाच्या मेहेरबानीचा विषय नाही. 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 13 होतं, त्यात वायुवीजन आणि तापमान दोन्ही आलं. आणि त्यात भिंती आणि छप्पर अशा वस्तूचं आणि अशा रचनेचं असावं की आतलं तापमान शक्य तितकं कमी राहील, असं लिहिलेलं. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही छप्पर दिसलं होतं. तुम्ही सगळे पंख्याच्या पात्यावर चर्चा करताय आणि डोक्यावर तापलेला पत्रा तसाच आहे.

अर्धवट_इंजिनिअर
+1, हे मीच आधी लिहायला हवं होतं. दुपारी पत्र्याला खालून इन्फ्रारेड थर्मामीटर लावा, 60 च्या आसपास दाखवेल. तो अख्खा पत्रा रेडिएटरसारखा डोक्यावर उष्णता फेकत असतो आणि त्या उष्णतेला पंखा अडवू शकत नाही, कारण ती हवेतून येतच नाही, थेट येते. चुलीसमोर बसून पंखा घेतला तरी चेहरा भाजतोच ना, तसं.

अजून एक. वर कण्याजवळ गरम हवेचा थर साचलेला असतो. ती बाहेर जायला वाट नसेल तर मोठा पंखा तीच हवा ओढून खाली माणसांवर आणतो. थंड देशात हिवाळ्यात हा गुण ठरतो, आपल्याकडे मे महिन्यात शिक्षा.

बर्फातला_पुणेकर
ओंटारियोतून दुजोरा. आमच्या प्लांटमध्ये 24 फुटी आहेत, आम्ही ते जानेवारीत जास्त वापरतो. अगदी सावकाश फिरवायचे, वर अडकलेली हीटरची हवा खाली येते, गॅसचं बिल वाचतं. बाहेर उणे वीस. तुमचा धागा वाचून उकडायला लागलं, आईशप्पथ बरं वाटलं.

चुना_लावणारा
नावावर जाऊ नका. 😄 पत्र्यावर उन्हं परतवणारा पांढरा रंग मारा, ते परवडत नसेल तर चुना आणि त्यात फेविकॉलसारखं काहीतरी चिकट, एक उन्हाळा जातो, पावसानं धुपतं. अहमदाबादनं 2013 ला उष्णतेच्या लाटांसाठी शहराचा आराखडा केला, आणि पुढं वस्त्यांमधली छपरं पांढरी करायचंही काम हाती घेतलं, ते उगाच नाही. आणि शेडमध्ये उजेडासाठी प्लास्टिकचे पारदर्शक पत्रे किती टाकलेत ते मोजा. प्रत्येकातून ऊनच आत येतंय.

बाबा_आदम
एवढं सगळं कशाला, साधे 1400 एमएमचे पंधरा सीलिंग फॅन टाका बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, प्रत्येकी तीस-पस्तीस वॅट, झालं काम. 2023 पासून सीलिंग फॅनला स्टार लेबल सक्तीचं आहे, बघून पाच स्टारवाले घ्या.

अर्धवट_इंजिनिअर
22 फुटांवरून? तो पंखा दहा-बारा फुटांवर लावायचा असतो. खाली आणायला दहा फुटी रॉड टाकाल, तो डोलणार, आणि खालून जॉब उचलायची वाट बंद. ऑफिसला, पॅकिंगला, कमी उंचीच्या गाळ्याला मात्र तुमचंच बरोबर. 12-14 फुटांची शेड असेल तर मोठ्या पंख्याच्या नादी लागूच नये, पातं जमिनीपासून किमान दहा फूट वर हवं आणि त्याच्याही वर छपरापर्यंत हवा ओढायला मोकळी जागा हवी.

सौ_गर्डर
मी स्ट्रक्चरल डिझाइन करते, म्हणून माझी नेहमीची रड. लेथवाले, तो पंखा लटकवणार कशाला? असला पंखा शंभर किलोच्या आगेमागे भरतो, आणि नुसतं वजन नाही, फिरताना तो शेडला पिळतो. पत्रा ज्यावर बसतो त्या पर्लिनला लटकवायचा नाही, मुख्य राफ्टरला, म्हणजे छपराच्या मोठ्या तुळईला, किंवा मध्ये नवीन आय सेक्शन (लोखंडी तुळई) टाकून त्याला. चारी बाजूंनी तिरप्या वायर ताणायच्या म्हणजे डोलणार नाही, आणि हबमधून वेगळी सेफ्टी रोप. ज्यानं शेड डिझाइन केली त्याच्याकडून लेखी घ्या. सेल्सवाला "मॅडम, काही होत नाही" म्हणतो, आणि त्याला काही होत नाहीच.

दुसरं, ट्यूबलाइट पात्यांच्या वर राहिल्या तर सावली लपलप करते. लेथवर माणूस दिवसभर त्या लपलपीत चक बघणार? दिवे पात्यांच्या खाली किंवा घेराच्या बाहेर घ्या.

तिसरं आणि मुख्य : क्रेन आहे का?

लेथवाला_कुपवाड
...आहे. तीन टनी ईओटी, वर रुळांवर फिरणारी.

सौ_गर्डर
😐

खुर्चीतला_मावळा
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं राहिलं होय दादा. पंखा 20 फुटी, क्रेन तीन टनी, आणि मध्ये मोटू-पतलू आम्ही.

लेथवाला_कुपवाड
अहो ती रोज डोळ्यासमोर आहे म्हणून ध्यानातच आली नाही. आत्ता शिडी लावून मोजून आलो. क्रेनच्या ट्रॉलीच्या माथ्यापासून राफ्टरपर्यंत अडीच फूट आहे. सेल्सवाल्यानं वर बघितलंसुद्धा नव्हतं. शेडचे दोन बे आहेत, मध्ये खांब, प्रत्येकी 25 फूट रुंद. क्रेन फक्त फॅब्रिकेशनच्या बेमध्ये आहे, मशीनच्या बेला नाही.

सौ_गर्डर
मग उत्तर तुम्हीच दिलंत. अडीच फुटांत पंखा बसत नाही, आणि "क्रेन आली की पंखा बंद करू" हे कागदावर ठीक, एक दिवस कुणीतरी विसरतं. मशीनच्या बेमध्ये लावा. 25 फुटांत 20 फुटी म्हणजे दोन्हीकडे अडीच-अडीच फूट, मला नाही आवडणार. 16 फुटी घ्या, साडेचार-साडेचार राहतात.

अर्धवट_इंजिनिअर
सहमत. आणि घेताना दोन गोष्टी विचारा, मोटर गिअरची आहे की थेट हबला. गिअरबॉक्सवाला स्वस्त पडतो पण तेलाकडं लक्ष ठेवावं लागतं, सील गेलं की खाली व्हीएमसीवर ठिपके. आणि हवेचे आकडे सांगतात ते कुठल्या टेस्टचे, ते कागदावर मागा. कागद निघाला नाही तर उरलेलं सगळं सेल्सवाल्याच्या आवाजात मोजलेलं असतं.

लेथवाला_कुपवाड
सगळ्यांचे आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, म्हणजे 20 फुटी घेऊ नको हे मी म्हणत होतो तेच बरोबर. मी गप्प बसलो.

*(सात आठवड्यांनी)*

वऱ्हाडी_ठेचा
काय झालं बावा पंख्याचं? उन्हाळा सरून रायला.

लेथवाला_कुपवाड
माफी, कामात होतो. सांगतो सविस्तर.

आधी पत्रा. आठ दिवस दुपारी तीनला खालून मोजलं, 58 ते 61. पांढरा रंग मारला, पारदर्शक पत्रे चौदा होते त्यातले नऊ काढले, कण्यावर गरम हवा बाहेर काढणारे सहा टर्बो व्हेंटिलेटर बसवले, आणि उत्तरेच्या भिंतीला खाली जाळीच्या खिडक्या काढल्या, नाहीतर वरून हवा जाईल पण खालून येणार कुठनं. रंग मारल्यावर तोच पत्रा 45-46 दाखवायला लागला. पंखा अजून आलाही नव्हता आणि पोरं म्हणायला लागली, शेठ, एसी लावला काय गुपचूप.

मग 16 फुटी घेतला, थेट मोटरचा, मशीनच्या बेमध्ये दोन राफ्टरमध्ये नवा आय सेक्शन टाकून. सौ गर्डर ताईंच्या म्हणण्याप्रमाणं शेड डिझाइन करणाऱ्याला गाठलं, त्यानं दीड पानाचं पत्र दिलं आणि पाच हजार घेतले. एका पंख्यात 90 फूट लांबी भरत नाही, शेवटच्या लेथला वारा जेमतेम पोचतो, तिथं एक मॅनकूलर ठेवलाय. दुसरा पंखा पुढच्या वर्षी, बाबा ऐकत असतील तर.

फॅब्रिकेशनला मॅनकूलर आहेत पण तोंड भिंतीकडं फिरवलंय, मिगच्या टेबलाला कापडी पडदे केलेत. या उन्हाळ्यात ब्लोहोलचं एकही रिजेक्शन नाही. जुना वेल्डर परत बोलावला, तो आला नाही, आता त्याचा स्वतःचा गाळा आहे. ते मनाला लागलं.

पंखा पूर्ण वेगानं कुणीच चालवत नाही, चेकलिस्टचे कागद उडतात. साधारण 60-70 टक्क्यांवर असतो. सगळ्यात मोठा फायदा कुणी सांगितलाच नव्हता : आवाज. आता मशीनवर टूल घासायला लागलं की कानाला कळतं. पहिल्या दिवशी तर मला वाटलं लाइट गेली.

भांडण एकच, व्हीएफडीच्या बटणावरनं. खालच्या लेथवाल्या अण्णांना वारा सोसत नाही, सांधे धरतात म्हणे, आणि व्हीएमसीचा पोरगा शंभरवर नेऊन ठेवतो. आता पॅनलला कुलूप आहे आणि किल्ली बाबांकडं.

सौ_गर्डर
पत्र जपून ठेवा. आणि सहा महिन्यांनी नटबोल्ट तपासा, टॉर्क रेंचनं, अंदाजानं नाही.

गोठ्यातली_ताई
वारा किती लांब पोचतो ते जेवणाच्या सुट्टीत कोण कुठे बसतं त्यावरून बघितलंत का?

लेथवाला_कुपवाड
ताई, बघितलं. बरोब्बर पंख्याखाली गोल करून बसतात डबे घेऊन. शेवटच्या लेथचे दोघंही उठून तिथंच येतात.

इचलकरंजीचा_धोटा
आणि कबुतरं? आमच्या शेडला मुख्य त्रास तोच आहे. पंख्यानं जातात म्हणे.

लेथवाला_कुपवाड
जातात की. मशीनच्या बेमधनं गेली, आता सगळी क्रेनवर बसतात.